सेतुरावांच्या तीन रेघा

माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून मी एक वॉटर पंप ठेवलाय. गाडीच्या इंजिनातला, दोन मुठींएवढा, ॲल्युमिनियमचा. त्याच्या कडेवर कानशीने मारलेल्या तीन रेघा आहेत, मधली बाकी दोन्हींपेक्षा लांब. नवीन लागलेली पोरं विचारतात, सर, हा रिजेक्ट पीस इथं कशाला? मी म्हणतो, जड आहे म्हणून. पंखा कायम पाचावर असतो आणि अंबत्तूरच्या उन्हात तो चारावर आणायची कुणाची छाती नाही.

या आठवड्यात मी चौथ्या डेव्हिएशनवर सही केली. आमच्या धंद्यात नसलेल्यांसाठी सांगतो. माल मापात बसत नसेल, पण फेकून द्यायलाही जिवावर येत असेल, तर एक फॉर्म भरायचा. त्यात लिहायचं की उणीव किरकोळ आहे, कामाला बाधा येत नाही, एवढा लॉट यावेळेपुरता घ्यावा. खाली तपासनिसाची सही. तपासनीस म्हणजे सध्या मी. सही करायला चार सेकंद लागतात. मग फॉर्म पंपाखाली सरकवायचा आणि चहा प्यायचा. परवा तो सरकवताना रेघांवरून बोट गेलं आणि सेतुराव आठवले. फोन करावासा वाटला. केला नाही. कारण ते पहिला प्रश्न विचारणार, काम कसं चाललंय, आणि त्यांच्याशी खोटं बोलायची मला सवय नाही.

सेतुराव माझ्या आधी या टेबलावर बसायचे. अठ्ठावीस वर्षं बसले. आमचा कारखाना लहान, गाड्यांचे वॉटर पंप बनवतो. वॉटर पंप इंजिनात पाणी फिरवत ठेवतो, म्हणून इंजिन तापत नाही. तो बंद पडला की पाणी थांबतं, काटा वर जातो आणि माणूस हायवेवर बॉनेट उघडून उभा राहतो. सेतुराव हे इतकं सविस्तर कधी सांगत नसत. नव्या मुलाला ते एवढंच म्हणायचे, "या पंपामागें कोणाची तरी आई बसली आहे असें समजावें."

मी साताऱ्याहून या तमिळ शहरात आलो तेव्हा तिरुवल्लिकेणीतल्या एका मॅन्शनमध्ये राहत होतो. नाव मॅन्शन असलं तरी कोंबडीच्या खुराड्यासारख्या एकट्या पुरुषांच्या खोल्या असतात त्या. पहिल्या आठवड्यात कँटीनमध्ये आईशी फोनवर बोलत होतो, की भाकरी इथं स्वप्नातही मिळत नाही, तेवढ्यात मागून आवाज आला, "आपण कोठील?"

वळून पाहिलं. बुटका माणूस, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळावर कोळशाची बारीक उभी रेघ, खिशात पेनाशेजारी फट मोजायच्या पात्यांचा जुडगा. म्हटलं, साताऱ्याचा.

"आम्हीही तिकडीलच. तंजावरास येऊन तीनशें वर्षें झालीं. तुम्हांस फार उशीर झाला यावयास."

"गाडी लेट होती," मी म्हणालो.

त्यावर ते हसले. नंतरच्या सगळ्या वर्षांत त्यांना इतकं मोकळं हसवायला मला जमलं नाही. त्या दिवसापासून मी त्यांचा 'सातारकर' झालो. माझं खरं आडनाव त्यांना हजेरीपटावरून ठाऊक होतं, पण ते त्यांनी कधी वापरलं नाही.

त्यांची मराठी ऐकायला सुरुवातीला मजा वाटायची. एखादं जुनं पत्र कुणीतरी तमिळच्या चालीत वाचून दाखवावं तशी. 'सगळे'ला ते 'अस्की' म्हणत, 'ठीक'ला 'सेरि', आणि 'मी केलं' न म्हणता 'मी केलों'. त्यांना माझी मराठी घाईची वाटायची. "तुमची भाषा भराभर जाते," म्हणायचे, "मध्यें कोठें बसावयास जागा नाहीं."

ते तिरुवल्लिकेणीतच, माझ्या मॅन्शनच्या मागच्या गल्लीत राहायचे, थोरल्या बहिणीसोबत. बायको लवकर गेली होती, मुलगा होसूरला नोकरीत. त्यांच्याकडे एक जुनी छोटी गाडी होती, जिचं मॉडेल कंपनीने कधीच बंद केलेलं. मला ते रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी उचलायचे. नुंगंबाक्कम, अण्णानगर, पाडी, मग अंबत्तूर. तासभर. एसी नव्हता असं नाही, पण लावायचा नाही. काचा खाली. मे महिन्यात, पाडीच्या चौकात, दोन बसच्या सायलेन्सरांमध्ये अडकलो असतानाही काचा खाली. रेडिओ काढून त्या भोकात त्यांनी फडकी ठेवली होती.

"सेतुराव, निदान इथं तरी काच वर घेऊ."

"मग इंजिन कसें ऐकूं येईल?"

मी आजवर पाहिलेल्या माणसांत इतकं ऐकणारा माणूस दुसरा नाही. चालत्या गाडीत ते मध्येच बोट वर करायचे. मग आम्ही दोघंही गप्प. मला काही ऐकू यायचं नाही. त्यांना यायचं. रविवारी बॉनेट उघडून लोखंडी सळईचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून ते उभे राहत, डॉक्टर उभा राहतो तसे. गल्लीतली म्हातारी माणसं त्यांना नाडी बघायला सांगून त्यांची थट्टा करत.

पण त्यांचा खरा भरवसा नखावर होता. पंपाची गुळगुळीत बाजू प्रकाशात धरायची, पाहायची आणि मग डोळे मिटून तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचं. "डोळा दयाळू आहे, सातारकर. नखास दया नाहीं." नख अडखळलं की माल बाजूला. आणि बाजूला म्हणजे नुसता लाल डबा नव्हे. ते कानस काढायचे आणि कडेवर तीन रेघा मारायचे, मधली लांब. त्यामुळे तो पंप पुन्हा घट्ट बसूच शकत नसे. भंगारवाला कुरकुरायचा, कारण बिनरेघांचे तुकडे त्याला दुसरीकडे माल म्हणून विकता आले असते.

मी एकदा विचारलं, एक रेघ पुरे नाही का?

"एक मारली तर चुकून लागली म्हणतील. दोन मारल्या तर कोणी घांसून काढील. तीन असल्या, मधली लांब असली, कीं पाहणाऱ्यास कळतें, हें कोणी बसून मारिलें आहे."

आणि पास झालेल्या मालावर त्यांचा छाप. बोटभर लांबीचा पंच होता, हातोडीचा एक ठोका मारला की गोलात 4 आकडा उमटायचा. तपासनीस नंबर चार. पहिले तीन केव्हाच नोकरी सोडून गेले होते, पण नंबर बदलून घ्यायची सेतुरावांना गरज वाटली नाही. माझ्या लग्नात त्यांनी कुकर दिला. नंतर दुकानदाराकडून कळलं की तो त्यांनी तीन वेळा परत केला होता, झाकणाच्या कडेवर नख अडखळलं म्हणून. चौथा पसंत पडला. पहिल्यांदा घासायला घेतला तेव्हा बायकोने बूड दाखवून विचारलं, "हे चार काय आहे?" मी सांगितलं. ती म्हणाली, तुमचं ऑफिस आता माझ्या ओट्यावर पण आलं का. पण तो कुकर अजून चालतोय, आणि त्यानंतरचे दोन गेले.

आता ज्या गोष्टीने हे सगळं लिहायला लावलं, ती.

सेतुरावांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. सुट्या भागांच्या बाजारासाठी एका व्यापाऱ्याची मोठी ऑर्डर होती. त्याला भाव कमी हवा होता. पंपात एक बेअरिंग असतं, ज्यावर शाफ्ट फिरतो. नेहमीचं बेअरिंग महाग, म्हणून दुसरीकडून स्वस्तातलं आणलं. दिसायला सारखं, बसायला सारखं. टेस्टवर पंप चालत होते. फक्त शाफ्ट हातात धरून हलवला की तो किंचित जास्त डुलायचा. मर्यादेच्या केसभर बाहेर.

सेतुरावांनी लॉट अडवला. आमचे मॅनेजर वरदराजन वाईट माणूस नव्हते. थकलेले होते. पोटाच्या गोळ्या खिशात घेऊन फिरायचे. त्यांनी मला डेव्हिएशनचा फॉर्म तयार करायला सांगितला. मी केला. 'कामाला बाधा येत नाही' हे वाक्य माझं आहे. मी तेव्हा नवा होतो, इंग्रजी बरं होतं, आणि फॉर्म नीट भरल्याबद्दल शाबासकी मिळाली याचा मला आनंद झाला होता, हेही सांगून टाकतो.

फॉर्म टेबलावर तीन दिवस पडून राहिला. वरदराजन रोज यायचे आणि तमिळमध्ये हळू आवाजात तेच सांगायचे. "सेतु सार, ही ऑर्डर गेली तर पुढची लाइन बंद. चाळीस बायका कंत्राटावर आहेत. त्यांना मी उद्या काय सांगू?"

"त्यांस मी काहीं केलों नाहीं," सेतुराव माझ्याकडे पाहून मराठीत म्हणायचे, जणू वरदराजनना उत्तर द्यायची सोय त्या भाषेत नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही गाडीतून उतरलो तर त्या बायका गेटबाहेर झाडाखाली बसल्या होत्या. डबे मांडीवर. आत घेतलं नव्हतं. घोषणा नाहीत, काही नाही. त्यांच्यातली सेल्वी रोज दहा वाजता सेतुरावांच्या टेबलावर कॉफी ठेवायची. त्या दिवशी दहा वाजता तिने वॉचमनकडून आत कॉफी पाठवली.

सेतुरावांनी कॉफी प्यायली, टंबलर उलटा ठेवला आणि सही केली.

संध्याकाळी परत येताना पाडीच्या चौकात अडकलो. तेव्हा सेतुराव म्हणाले, "आज नखास विचारलों नाहीं."

पुढचे दोन दिवस त्यांनी त्या लॉटवर स्वतः छाप मारले. एरवी हे काम हाताखालचा मुलगा करायचा. मी जवळून गेलो तेव्हा पाहिलं, छाप उलटा पडत होता, 4 डोक्यावर उभा. मला वाटलं, म्हातारे दमलेत. सांगायला गेलो तर म्हणाले, "ठाऊक आहे," आणि पुढचा पंप घेतला. शेवटच्यापर्यंत सगळे उलटे. लॉट गेला, बायका आत आल्या, मला पगारवाढ मिळाली.

निवृत्तीच्या दिवशी शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. सेतुरावांनी ते आधी कानाला लावलं. सगळे हसले. ते नाही हसले. भाषण करा म्हटलं तर तमिळमध्ये एकच वाक्य बोलले, की अठ्ठावीस वर्षांत एक लॉट सोडून बाकी सगळ्यांची जबाबदारी माझी आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. 'एक लॉट सोडून' कुणी ऐकलं नाही. वरदराजननी ऐकलं, कारण ते गोळी शोधायला लागले.

त्यानंतर आठ-दहा महिन्यांनी त्यांच्या स्वतःच्या गाडीचा वॉटर पंप गेला. मी तेव्हा नुंगंबाक्कमला राहायला गेलो होतो, पण रविवारी त्यांच्याकडे चक्कर असायची. गाडीखाली पाण्याचे थेंब, आणि सळई लावल्यावर खरखर. ही मलाही ऐकू आली. गल्लीच्या टोकाला इस्माईलचं गॅरेज होतं. त्याने पंप काढला. मूळ कंपनीचाच, बावीस वर्षं चाललेला, शाफ्ट पार ढिला.

"ओरिजिनल मागवावा लागेल सार," इस्माईल म्हणाला. "मॉडेल बंद आहे. महिना-दीड महिना सांगतात, तोही आला तर. किंमतही दुप्पट. बाजारात दुसरा मिळतो. डबा साधा आहे, पण आतला माल कंपनीचाच. मी चार-पाच गाड्यांना बसवलाय."

सेतुरावांनी स्वस्तातला पार्ट आयुष्यात गाडीला लावला नव्हता. वायपरचं रबरसुद्धा नाही. पण तेव्हा त्यांनी मला डोळ्याने खुणावलं. त्यांना मला शिकवायचं होतं, बाजारातला माल कसा ओळखायचा ते. इस्माईल स्कूटरवरून जाऊन अर्ध्या तासात डबा घेऊन आला. पांढरा, बिननावाचा. सेतुरावांनी पंप बाहेर काढला, प्रकाशात धरला, डोळे मिटले, नख फिरवलं. मग शाफ्ट हलवला. किंचित जास्त डुलला.

"पाहिलां?" ते मला म्हणाले, आणि पंप फिरवून त्याची कड दाखवायला गेले, तेव्हा त्यांचं बोट थांबलं.

गोलात 4 होता. डोक्यावर उभा.

इस्माईल हात पुसत आमच्याकडे बघत होता. मी म्हणालो, "सेतुराव, परत करू. ओरिजिनल मागवू."

"बसव," त्यांनी इस्माईलला सांगितलं.

"सार, नको असेल तर..."

"हाच बसव. ओरिजिनलही मागवून ठेव. आला कीं सांग."

गाडी सुरू झाली. सेतुरावांनी सळई कानाला लावली. मी विचारलं, काय म्हणतोय? ते म्हणाले, "अजून कांहीं म्हणत नाहीं."

आता अक्कांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर गेलं.

अक्का सेतुरावांहून चौदा वर्षांनी मोठ्या. आई गेल्यावर त्यांनीच सेतुरावांना वाढवलं, डिप्लोमा होईपर्यंत लोकांकडे पापड लाटून शिकवलं. सत्तरी कधीच ओलांडलेल्या, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. दर रविवारी त्यांना गुडघ्यांच्या व्यायामासाठी मैलापूरला न्यावं लागे. गाडीत पुढची जागा त्यांची. त्या जागेवर निळ्या खोळीची एक छोटी उशी असायची. एरवी मी बसताना ती उचलून मागे ठेवायचो आणि उतरताना परत पुढे. विसरलो तर दुसऱ्या दिवशी सेतुराव आठवण करायचे.

नवा पंप बसल्यानंतरच्या रविवारी मी गेलो तर दारात ऑटो उभी. अक्का ऑटोत बसलेल्या, आणि सेतुराव मागे आपल्या गाडीत, एकटे. ऑटो निघाली, मागून गाडी. मैलापूरला ऑटो थांबली, गाडी थांबली. सेतुरावांनी उतरून अक्कांना हात दिला. व्यायाम झाला, पुन्हा तीच वरात. गल्लीतले लोक पाहत राहिले. मीही पाहत राहिलो. मला हसू आलं होतं, खोटं कशाला सांगू.

हे दर रविवारी सुरू झालं. एकदा अक्कांनी मला ऑटोत शेजारी बसवून घेतलं. रॉयपेट्टाच्या सिग्नलला मागे वळून गाडीकडे बोट केलं.

"पाहा. कैदी पुढें, पोलीस मागें."

मी काहीतरी बोललो, की गाडीत जरा काम आहे.

"काम आहे तर ती चालते कशी? तूं बसतोस कीं तिच्यांत. भाजीवाल्याचें पोतें बसतें." मग तोंड पुढे वळवून म्हणाल्या, "माझ्या अंगास वास येतो काय रे? म्हातारपणीं येतो म्हणतात. आपणांस कळत नाहीं."

मी त्या दिवशी सेतुरावांवर चिडलो. गॅरेजसमोर गाडी लावत होते, तिथेच गाठलं. म्हटलं, अक्कांना काय वाटतंय ठाऊक आहे का तुम्हाला? सांगून टाका ना त्यांना.

"काय सांगूं? पंप खोटा आहे हें, कीं मी सही केलों हें?"

"मग पंप बदला. महिन्याभरात दुसरा येईलच."

"आला आहे. गेल्या आठवड्यास. कपाटांत आहे."

ते बॉनेटवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "सातारकर, तो लॉट अस्की कोठें गेला मज ठाऊक नाहीं. कोणाच्या गाडींत, कोणत्या रस्त्यावर, मागें कोण बसलें आहे. हा एकच सांपडला. हा केव्हां जातो तें मज आधीं कळूं दे."

"आणि कळून काय करणार? परत बोलावणार आहात का ते सगळे?"

"कांहीं करणार नाहीं. कळेल." मग सळई काढायला वाकले. "ज्या गोष्टीचा मज भरवसा नाहीं तींत अक्कास बसवूं कसा? सांगा तुम्हीं."

फॉर्म माझ्या अक्षरात होता.

तो पंप दोन वर्षं चालला. एक थेंब नाही. खरखर नाही. सेतुराव रोज सकाळी सळई लावायचे, आणि मी गेलो की न विचारता सांगायचे, "चालतो आहे." सुरुवातीला मला वाटायचं, चला, सुटले. पण त्यांच्या तोंडावर सुटका दिसायची नाही. मग हळूहळू लक्षात आलं. पंप गेला असता तर त्यांना कळलं असतं की आपण चुकलो. तो जात नव्हता, म्हणून त्यांना रोज ऐकत बसावं लागत होतं. आणि एकदा, मरिनाकडून चालत येताना, ते सहज बोलल्यासारखे बोलून गेले, "इतकीं वर्षें ज्यांवर रेघा मारिल्या, तेही चालले असते काय?" मी नाही म्हणालो, फार पटकन म्हणालो. त्यांनी ते ऐकलं असणार, त्यांना सगळंच ऐकू यायचं. दोन वर्षांत ते बरेच वाकले. अक्का तशाच ऑटोतून जात राहिल्या. आता तक्रारही करत नव्हत्या, आणि ते मला जास्त जड जायचं.

शेवटी होसूरच्या मुलाने हट्ट धरला. दोघांनी तिकडेच यायचं. लिफ्टची इमारत आहे, घराखाली दवाखाना आहे. गाडी विकायची ठरली. तांबरमचे एक शिक्षक घेणार होते, दोन लहान मुलं असलेले. सोमवारी सकाळी ते न्यायला येणार होते.

रविवारी मी पोचलो तेव्हा सेतुराव इस्माईलच्या गॅरेजमध्ये होते. कपाटातला ओरिजिनल पंप बसवून झाला होता. इस्माईल पाणी भरत होता आणि पुटपुटत होता, की विकायच्या गाडीत कुणी नवा पंप घालतं का सार, तोही जुना एवढा छान चालत असताना. जुना पंप सेतुरावांनी फडक्याने पुसला. छाप दिसत होता, अजून स्पष्ट. मग त्यांनी तो व्हाइसच्या जबड्यात पकडला, पिशवीतून स्वतःची कानस काढली आणि रेघ मारली.

एक. मग मधली, लांब. तिथे ते थांबले आणि पुन्हा त्याच जागी कानस टेकवली. मग तिसरी.

इस्माईल बघतच राहिला. मला राहवलं नाही. म्हटलं, "चालत होता ना, सेतुराव."

त्यांनी कीस फुंकून टाकला. व्हाइस सैल करून पंप माझ्या हातात दिला.

"चालत होता. पास नव्हता. भंगारांत टाका."

तोवर गल्लीतून अक्का आल्या होत्या, काठी टेकत, जायचं तयार होऊन. ऑटो दिसेना म्हणून इकडेतिकडे पाहू लागल्या.

"आज मुरुगन आला नाहीं?"

"त्यास नको म्हटलों," सेतुराव म्हणाले, आणि गाडीचं पुढचं दार उघडलं.

अक्का तिथेच उभ्या राहिल्या. दाराकडे पाहिलं, मग भावाकडे. कारण विचारतील असं वाटलं होतं. नाही विचारलं. म्हणाल्या, "माझी उशी कोठें?"

सेतुराव मागे गेले, डिकी उघडली. स्टेपनीच्या बाजूला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेली ती निळी उशी त्यांनी काढली. दोन वर्षं तिथेच होती. पिशवी सोडून, झटकून जागेवर ठेवली आणि अक्कांना हात देऊन बसवलं. पदर दारात अडकू नये म्हणून आत घेतला.

"मैलापूर?" त्यांनी विचारलं.

"गुडघे उद्यां होसुरास जाणारच आहेत. समुद्राकडे चल."

गाडी सुरू झाली. मी सवयीने सेतुरावांच्या हाताकडे पाहिलं, सळई घेतील, बोट वर करतील, आम्ही सगळे गप्प राहू. त्यांनी सळई घेतली नाही. ती इस्माईलच्या बाकावर पडून होती. गाडी गल्लीच्या तोंडाशी गेली आणि वळण्याआधी क्षणभर थांबली. मी पंप हातात धरून उभा होतो. तेव्हा पाहिलं, सेतुरावांनी काच वर केली होती, आणि अक्का काही सांगत होत्या ते ऐकत होते.